अठ्ठाविसाव्या वर्षी न मेलेला नायक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बल्गेरियाच्या उस्मानी तुर्कांविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्यावर पानभर मजकूर आला होता. कवी ख्रिस्तो बोतेव आणि क्रांतिकारक वासिल लेव्स्की यांच्याबद्दल मराठीत कोणी सहसा लिहीत नाही, त्यामुळे आधी आनंदच झाला. मग खालच्या चौकटीत नजर गेली. तिथे एवढंच होतं की, १८६७ साली लेव्स्की हा पानायोत हितोव नावाच्या 'दरोडेखोरांच्या म्होरक्याचा' निशाणदार होता. हितोवच्या वाट्याला एक ओळ आली आणि त्या ओळीतही शिवी. म्हणून हे पत्र. ते लांबणार आहे, तेव्हा हवं तसं कापा, पण तो शब्द तेवढा दुरुस्त करा.

मी इतिहासाचा माणूस नव्हे. माझं आयुष्य सूतगिरणीत गेलं. १९८४ च्या सप्टेंबरात मला लोकरीच्या कताईचं प्रशिक्षण घ्यायला बल्गेरियातल्या स्लिवेनला पाठवलं होतं, तिथून परतलो १९८५ च्या जुलैत. स्लिवेन म्हणजे हितोवचं गाव. डोंगराच्या अगदी पायथ्याशी, आणि वारा असा की छत्री उघडायची सोय नाही. तिथले लोक गावाला 'शंभर वोयवोदांचं शहर' म्हणतात. वोयवोदा म्हणजे बंडखोर तुकडीचा नायक. शंभर मोजले कोणी, असं मी एकदा विचारलं, तर आमच्या खात्यातला मुकादम म्हणाला, तू मोजायला बस, आम्ही नावं सांगतो.

आता त्या शब्दाकडे येतो. डोंगरातल्या बंडखोराला बल्गेरियन लोक 'हायदुतिन' म्हणतात. तुर्कीत 'हायदुत' म्हणजे सरळसरळ लुटारू. म्हणजे राज्यकर्त्यांनी दिलेली शिवी होती ती. ज्यांना ती दिली, त्यांनी उचलली आणि अंगावर मिरवली. त्यांची लोकगीतं या शब्दाने भरली आहेत, पोराला लाडाने 'हायदुतिन' म्हणणारी आजी मी ऐकली आहे. आपल्या लेखकाने बहुधा इंग्रजी पुस्तकातून शब्द उचलला, इंग्रजीवाल्याने तो सरकारी कागदातून उचलला असणार, आणि सरकारी कागद सुलतानाच्या अंमलदाराचा. मराठीत येईपर्यंत पुन्हा शिवी झाली. 'बंडवाला' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

लूटमार झालीच नाही असं माझं म्हणणं नाही. वसुलीवाले लुटले गेले, श्रीमंतांकडून पैसा उकळला गेला, सूड म्हणून माणसंही मारली गेली. ही माणसं काही संत नव्हती. पण दरोडेखोराच्या टोळीत शपथ नसते. आणि बाईच्या अंगाला हात लावला तर सगळ्या तुकडीवर अरिष्ट येतं, असा धाकही नसतो. हायदुतांत तो होता.

त्यांचं वर्ष निसर्गाला बांधलेलं असे. संत जॉर्जचा सण, ज्याला ते गेर्ग्योवदेन म्हणतात, तो आला की डोंगरात जमायचं. का, तर तोवर झाडांना पानं फुटलेली असतात. पान नाही तर आडोसा नाही. शरदात दिमित्रोवदेन, म्हणजे संत दिमितरचा सण, आला की पांगायचं. पानं गळाली की माणूस उघडा पडतो, आणि बर्फावर पाऊल उमटतं. मग हिवाळाभर काय करायचं? त्यासाठी 'यातक' असे. गावातला, वाडीवरचा, कधी मठातला माणूस, जो हायदुताला घरात ठेवून घेई, निरोप पोचवी, शस्त्रं लपवी. तुर्कीत 'यातक' म्हणजे अंथरूण. आसरा देणाऱ्या माणसालाच 'अंथरूण' म्हणायचं, हे मला फार आवडलं. पकडला गेला तर हायदुताच्या आधी यातकाचं घर जळत असे, आणि त्याला पळायला डोंगरही नसे. बायकापोरं सोडून तो जाणार कुठे?

नायकाचं खरं काम इथे होतं. लढाई वर्षातून चार वेळा व्हायची, पण कुठल्या मेंढपाळाची भाकरी घ्यायची आणि कुठल्याची नाही, हा निवाडा रोजचा होता. धनगराने दूध दिलं आणि संध्याकाळी शिपायांना वाट दाखवली, तर तुकडी संपली. घाट, झरे, खिंडी, कोणत्या गावचा मुखिया कोणाच्या ताटात जेवतो, हे सगळं नायकाच्या डोक्यात असावं लागे. शिपायांना तिथे 'झाप्तिये' म्हणत. आपला 'जप्ती' हा शब्द ज्या अरबी धातूतून आला, त्यातूनच तो आला आहे. हा शोध लागला तेव्हा मी खोलीत एकटाच हसलो होतो.

मी ज्या घरात भाड्याने राहत होतो, तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी एकदा माळ्यावरून आजेसासऱ्यांचा 'यामुर्लुक' काढून दाखवला. जाड लोकरीचा, टोपडं असलेला झगा. हा शब्दही तुर्कीच, अर्थ पावसाळी कोट. मी धंद्यातला माणूस, आधी कापड उलटून पाहिलं. विणीचा धागा दिसेना. लोकरीचं कापड विणून झालं की पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांखाली ते कुटत, इतकं की तंतू एकमेकांत गुरफटून कापडाचा नमदा व्हावा. त्यातून पाणी सहसा आत शिरत नाही. पण कडांना जिथे शिवण होती तिथे ओल धरून काळं पडलं होतं. बाईंनी झगा माझ्या खांद्यावर टाकला आणि मी अक्षरशः वाकलो. वास असा की मेंढरू शेजारी येऊन बसलं आहे. आजेसासरे काही बंडवाले नव्हते, मेंढपाळच होते. पण हायदुतही तेच पांघरत. अंथरूणही तेच आणि पांघरूणही तेच. पायांत कच्च्या कातड्याचे 'त्सारवुली', वर गुंडाळलेल्या लोकरीच्या पट्ट्या. त्या वहाणांना टाच नसते, त्यामुळे खडकावर आवाज होत नाही. पण पाऊस लागला की कातडं लिबलिबीत होतं आणि पायातून निसटतं. अशा पायांनी ही माणसं एका रात्रीत डोंगराची एक बाजू सोडून दुसऱ्या बाजूला उतरत.

कापडाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. स्लिवेनला दोब्री झेल्याझकोव याने १८३४ साली कापड विणायचं यंत्रावरचं काम सुरू केलं, आणि त्यातून बल्गेरियातला पहिला कारखाना उभा राहिला. त्याचं कापड सुलतानाच्या फौजेच्या गणवेशासाठी जाई. म्हणजे खाली गावात फौजेचं कापड विणलं जात होतं आणि वर डोंगरात त्या फौजेला चकवणारे बसले होते. एकाच गावची माणसं, एकाच घरातलीही असतील. पुरवणीच्या लेखात बल्गेरियन म्हणजे सगळे बंडखोर आणि तुर्क म्हणजे सगळे जुलमी असा सूर होता, म्हणून हे लिहिलं.

हितोव १८३० साली स्लिवेनला जन्मला. खातापिता होता. तिशीच्या आत त्याचं तिथल्या अंमलदारांशी बिनसलं आणि १८५८ साली तो गेओर्गी त्रांकिनच्या तुकडीत जाऊन मिळाला. त्रांकिननंतर नायकपद त्याच्याकडे आलं. पुढची काही वर्षं स्तारा प्लानिना, म्हणजे 'जुना डोंगर', ही त्याची शेती होती असं म्हणा. गावचाच हाजी दिमितर हा पोरगा त्याच्याच तुकडीत तयार झाला. लहानपणी आईबापांनी जेरुसलेमच्या यात्रेला नेलं म्हणून ख्रिस्ती असूनही त्याला 'हाजी' म्हणत.

मग १८६७. डॅन्यूब नदीपलीकडे, रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये गेओर्गी राकोव्स्की हा म्हातारा होण्याआधीच क्षयाने खंगलेला माणूस बसला होता. त्याचं म्हणणं असं की, हायदुतांनी आपापल्या सुडासाठी डोंगरात फिरणं आता पुरे. सगळ्या तुकड्या एका नियमाखाली, एका धोरणाने नदीपार पाठवायच्या. त्याने त्या वर्षाच्या आरंभी तुकड्यांसाठी कायदाच लिहून काढला. त्यात शपथ होती, नायकाची आज्ञा शेवटची होती आणि फितुरीला मरण होतं. पहिल्या तुकडीचा नायक म्हणून हितोव निघाला. एप्रिलअखेर तुत्राकानजवळ डॅन्यूब ओलांडली. बरोबर जेमतेम तीसेक माणसं, आणि निशाण वासिल लेव्स्कीच्या हाती. लेव्स्की तेव्हा तिशीला टेकलेला, काही वर्षांपूर्वी भिक्षूची वस्त्रं उतरवून आलेला.

पाठोपाठ मे महिन्यात फिलिप तोत्यूची तुकडी स्विश्तोवपाशी उतरली. ती लगेच सापडली आणि फुटली. तोत्यू मात्र निसटला. तो इतक्या वेळा वेढ्यातून निसटला होता की त्याला पंख आहेत अशी वदंता होती, 'पंखवाला वोयवोदा' हे त्याचं नावच पडलं. तो उरलेल्या माणसांसह हितोवला येऊन मिळाला. मिधत पाशा तेव्हा डॅन्यूब प्रांताचा सुभेदार, रुसेला बसलेला, कर्तबगार आणि तितकाच कठोर. त्याने संशयितांना फासावर चढवायला वेळ लावला नाही. गावं उठतील, डोंगर पेटेल, अशी बुखारेस्टमधल्यांची कल्पना होती. गावं उठली नाहीत. कशी उठतील? त्यांना कोणी आधी विचारलंच नव्हतं.

आणि इथे हितोवने जे केलं, ते माझ्या मते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आहे, जरी त्यावर कविता नाही. त्याने मरायचं नाकारलं. एखाद्या शिखरावर खंदक खणून शेवटपर्यंत लढला असता तर आज त्याच्या नावानेही शिखर असतं. तो डोंगराच्या कण्याकण्याने पश्चिमेला सरकत राहिला आणि उन्हाळ्यात तुकडी घेऊन सर्बियाच्या हद्दीत उतरला. लेव्स्की जिवंत राहिला तो त्यामुळे.

त्या चालण्यात लेव्स्कीने काय पाहिलं हे पुढे दिसलंच. तुकडी बाहेरून येते, गावकरी दाराआडून पाहतात, तुकडी निघून जाते, मागे शिपाई येतात. १८६८ साली त्याने हितोवलाच पत्र लिहून आपला बेत कळवला. त्यातलं वाक्य बल्गेरियात पोरासोरांना पाठ आहे. मतलब असा की, जिंकलो तर सगळं राष्ट्र जिंकेल, हरलो तर मी एकटाच हरेन. मग तो एकटा, वेष पालटत, गावोगाव गुप्त समित्या बांधत फिरला. तुकडी आधी आणि गाव नंतर, हा क्रम त्याने उलटा केला. १८७३ च्या फेब्रुवारीत सोफियाला त्याला फाशी दिलं. आपल्या लेखात हा सगळा विचार लेव्स्कीच्या डोक्यात जणू आकाशातून पडला. तो हितोवच्या मागे निशाण घेऊन चालताना पायांतून वर चढला, असं मला वाटतं.

आता एक हिशोब सांगतो. बेलग्रेडमधलं बल्गेरियन पथक सर्बियन सरकारने १८६८ च्या वसंतात मोडलं. बिनकामाचे झालेले तरुण रुमानियात गेले आणि हाजी दिमितर व स्तेफान काराजा यांच्यामागे सव्वाशेच्या आसपास माणसं उभी राहिली. जुलैत त्यांनी नदी ओलांडली. काराजा जखमी होऊन सापडला, रुसेत त्याचा शेवट झाला. हाजी दिमितर बुझलुजाच्या माथ्यावर पडला. दोघेही १८४० चे, म्हणजे वय अठ्ठावीस. बोतेव जन्मला १८४८ च्या जानेवारीत. १८७६ च्या मेअखेर दोनशेवर माणसं माळ्यांच्या वेषात ऑस्ट्रियन आगबोटीवर चढवून, ती बोटच ताब्यात घेऊन तो कोझ्लोदुयला उतरला आणि काही दिवसांतच व्रात्साच्या डोंगरात गोळी लागून गेला. वय अठ्ठावीस.

तिघेही अठ्ठावीस. आणि हितोव? तो अठ्ठ्याऐंशीच्या घरात पोचून अंथरुणात मेला. ही मधली साठ वर्षं त्याला कोणी माफ केलेली नाहीत.

२ जूनला दुपारी बाराला बल्गेरियाभर भोंगे वाजतात, बोतेवसाठी आणि स्वातंत्र्यासाठी मेलेल्या सगळ्यांसाठी. १९८५ चा तो दिवस रविवार होता. मी बाजारात चेरीच्या पाटीसमोर उभा होतो. भोंगा सुरू झाला तशी विकणारी बाई तराजू तसाच हातात धरून थांबली. पारडं हलत राहिलं, ती हलली नाही. रस्त्यावरची गाडी जागीच उभी, एक पोरगं आईचा हात सोडवायला बघत होतं तेवढंच. भोंगा थांबला, आणि बाईने वर आणखी मूठभर चेरी टाकून पुडी बांधली. मी मुकादमाला दुसऱ्या दिवशी विचारलं, हितोवसाठी काय करता? तो म्हणाला, त्याच्या नावाचा रस्ता असेल ना कुठेतरी.

त्याच मुकादमाबद्दल आणखी एक. तो तुर्की कुळातला होता. मी तिथे होतो त्या हिवाळ्यात सरकारने देशातल्या तुर्कांची नावं सक्तीने बदलली, लाखो माणसांची. नव्या वर्षाच्या सुट्टीनंतर काही आठवड्यांनी तो कामावर आला तो बल्गेरियन नाव घेऊन. हजेरीच्या वहीत जुनं नाव शाईने खोडलेलं होतं. त्याने मला काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, फक्त त्या दिवशी मी त्याला नावाने हाक मारली नाही, 'मास्तर' म्हटलं. आणि हाच माणूस मला वोयवोदांची नावं अभिमानाने मोजून दाखवत असे. आपल्या लेखकाने एकदा तिथे जाऊन यावं, इतकंच म्हणतो.

हितोव परत डोंगरात गेलाच नाही असंही नाही. १८७६ च्या सर्बिया-तुर्की युद्धात तो स्वयंसेवक घेऊन लढला. त्याआधी १८७२ साली त्याने आपल्या डोंगरातल्या दिवसांच्या आठवणी बुखारेस्टला छापल्या, ल्युबेन काराव्हेलोव या लेखकाच्या मदतीने, आणि त्यात स्वतःबरोबर जुन्यानव्या नायकांची चरित्रंही लिहिली. १८७८ मध्ये त्यांचा जर्मन अनुवादही निघाला. यातकाची आणि हायदुतांच्या रिवाजांची जी माहिती आज मिळते, तिचा मोठा भाग या माणसाच्या लेखणीतून आलेला आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी मेलेल्यांना हे लिहायला उसंत कुठून मिळणार?

१८७८ ला मुक्ती आली तीही अर्धी. बर्लिनच्या तहाने देशाचे तुकडे केले. स्लिवेन पूर्व रुमेलियात, सुलतानाच्या नावाखालीच राहिलं, ते १८८५ पर्यंत. हितोवने आपलं उतारवय नदीकाठच्या रुसेला काढलं, जिथे मिधत पाशा बसायचा आणि जिथे काराजा गेला.

तो वारला फेब्रुवारी १९१८ मध्ये. पहिलं महायुद्ध चालू होतं. बल्गेरिया जर्मनीच्या बाजूने उतरला होता, आणि त्या बाजूला आणखी कोण होतं? उस्मानी सुलतान. ज्या सर्बियाने त्याला आसरा दिला, ज्या रुमानियातून त्याने नदी ओलांडली, ज्या रशियाच्या फौजेने त्याचा देश सोडवला, ते सगळे शत्रू. आणि ज्याच्या शिपायांना चुकवत त्याने पावसात रात्री काढल्या, तो सुलतान दोस्त. म्हातारा वर्तमानपत्र वाचत असेल तर त्याला काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळ वेळा विचार केला आहे.

परतीच्या आधी एक रविवार काढून मी रुसेला गेलो होतो. तिथे १९७८ साली बांधलेलं राष्ट्रवीरांचं स्मारक आहे, वर सोनेरी घुमट, आत ज्योत. एक चर्च पाडून त्याच्या जागी ते उभं केलं, असं स्टेशनवर भेटलेल्या एका आजोबांनी आवाज खाली आणून सांगितलं. आत अस्थी ठेवल्या आहेत. काराजाची कवटी आहे, जी बाबा तोंका नावाच्या रुसेच्या बाईने थडग्यातून काढून घरात लपवून जपली होती. आणि हितोवही तिथेच आहे. शाळेची सहल आली होती. मार्गदर्शक बाई काराजापाशी दहा मिनिटं बोलल्या, कवटीची गोष्ट ऐकताना पोरं चिडीचूप. हितोवच्या नावापाशी त्या थांबल्या नाहीत. एक मुलगी तेवढी मागे राहून दगडावरची दोन सालं वाचत होती, बोटांवर वजाबाकी करत. मग बाईंनी हाक मारली आणि ती पळाली.

चौकटीतला 'दरोडेखोरांचा म्होरक्या' काढून 'बंडखोर तुकडीचा नायक' असं पुढच्या अंकात छापावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गिरणी तंत्रज्ञ